पाचर, तिपाई आणि वेंडेल

डेमिंग, न्यू मेक्सिको
९ फेब्रुवारी

ग्रेचेन,

फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून कागद घेतला आहे. कागदाला मध्येच "आर्डिथ, प्लीज" म्हणता येत नाही.

तुझं म्हणणं मला कळलेलं आहे. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तू म्हणालीस, "तुमच्या त्या डब्यात एक जण चालला की दुसऱ्याच्या कपातली कॉफी हिंदकळते. बाबांचं खुब्याचं हाड तिथंच मोडलं. परत तिथंच पाठवू त्यांना?" आणि वेंडेलला टूसॉनला तुझ्या घरी घेऊन गेलीस. थोडे दिवस, असं मला सांगितलंस. आता म्हणतेस, ते घर जमिनीसारखं स्थिर होत नाही तोवर त्यांच्या परत जाण्याचा विषय काढायचा नाही.

मी काढते विषय. घर स्थिर होईल आणि वेंडेल परत येईल. तुझ्या आईनंतर त्याने माझ्याशी लग्न केलं, हे तुला आवडलं नाही. आवडून घे असं मी कधी म्हटलं नाही. पण तो माझा नवरा आहे आणि त्याच्या सपाता अजून पलंगाखाली आहेत.

घर का हलतं ते आधी सांगते, कारण तू ते कधी विचारलं नाहीस. हे रस्त्यावर ओढून न्यायचं घर आहे. चाकांवर स्प्रिंग आहेत, आणि स्प्रिंगांवर आम्ही. पुढचा भाग, जिथे आमची झोपायची खोली आहे, तो प्रवासात पिकअपच्या पाठीवर टेकलेला असतो. पिकअप काढून घेतली की तो दोन बारीक लोखंडी पायांवर उभा राहतो. पाय जितके लांब बाहेर काढावेत तितके ते लटपटतात. आमचे फार लांब काढलेले होते. म्हणून आज पायांखाली जाड लाकडी ओंडके रचले आणि पाय जवळजवळ आत घेतले.

चाकांवरच्या घरांच्या या पार्कातली एक रीत आहे. कोणी आपल्या घराखाली शिरलं की जरा वेळात आजूबाजूचे लोक घडीच्या खुर्च्या घेऊन येतात आणि गोल करून बसतात. मदत करायला नव्हे, बघायला आणि सांगायला. सगळ्यात आधी शेजारचा हॉलिस आला. तो वायोमिंगमध्ये शाळेची बस चालवायचा, आणि अजूनही सगळ्यांशी मागच्या बाकावरच्या पोरांशी बोलावं तसं बोलतो.

"अगं आर्डिथ, खाली काही हरवलंय का?"

"नवरा."

"तो पश्चिमेला गेला. खाली नाही."

मग पार्क सांभाळणारी एलोइसा आली. "आर्डिथबाई, जपून हां. खाली साप असतात."

"फेब्रुवारीत झोपलेले असतात."

"हो, पण तुम्ही उठवाल ना."

त्या हसण्या-बोलण्यात माझं काम झालं. आत जाऊन चालून पाहिलं. पूर्वी झोपायच्या खोलीत पाऊल टाकलं की सगळं घर मान हलवायचं. आता अर्धीच हलवतं. राहिलेली अर्धीही जाईल.

आर्डिथ


१७ फेब्रुवारी

ग्रेचेन,

तू पाठवलेलं वृद्धाश्रमाचं गुळगुळीत रंगीत पुस्तक मिळालं. त्यातली सगळी म्हातारी माणसं हसताहेत आणि सगळ्यांचे दात एकसारखे आहेत. मागच्या पानावर तू पेनने लिहिलं आहेस, "इथे जोडप्यांसाठीही जागा आहे." मला वगळून काही ठरवशील असं मी धरून चालले होते. ते तसं नव्हतं, हे लिहून ठेवते.

तरी माझं उत्तर 'नाही' असंच आहे. तिथे जेवायची वेळ ठरलेली असते. वेंडेलला भूक लागते तेव्हा तो जेवतो, आणि मी रांधते तेव्हा त्याला भूक लागते.

आता एक गोष्ट सांगते. हॉलिस फोनवर तुझ्या वडिलांना ती सांगणारच, आणि ते तुला सांगणार, त्यापेक्षा माझ्याकडून ऐक.

घराच्या मागच्या बाजूला दोन जॅक असतात. ते घराला नुसता आधार द्यायला असतात, उचलायला नसतात. हँडल फिरवत जॅक जमिनीला टेकवायचा, थोडा दाब आला की थांबायचं. नवीन माणूस थांबत नाही. त्याला वाटतं थोड्या दाबाने एवढं बरं वाटतंय तर जास्त दाबाने किती वाटेल. अशा नवख्या लोकांना आम्ही इथे किती हसलो आहोत. वेंडेल तर मुद्दाम खुर्ची घेऊन जायचा.

मी फिरवत गेले. तुझं वाक्य डोक्यात होतं, जमिनीसारखं स्थिर, आणि हात थांबेना. दोन्ही जॅक पुरे ताणले, मग चालून पाहायला आत गेले आणि दार मागे ओढून घेतलं. चालले. घर जराही हललं नाही. मी खूश. बाहेर यायला निघाले तर दार उघडेना. मागची बाजू एवढी वर उचलली होती की घराची चौकट पिळली गेली आणि दार त्यात अडकून बसलं.

खिडकीतून बाहेर पाहिलं तर खुर्च्या लागलेल्या होत्या.

"हॉलिस, मागचे जॅक सोड जरा."

"का? आत छान वाटत नाहीये?"

"दार अडकलंय."

"असं कसं होईल? तू तर इथली जुनी माणूस."

"हॉलिस."

"सोडतो, सोडतो. पण हँडल कुठेय?"

हँडल माझ्या हातात होतं. आणि वाऱ्याची धूळ अडवायला नवीन लावलेली जाड जाळी खिडकीला स्क्रूने बसवलेली, म्हणून ते बाहेरही देता येईना. शेवटी संकटकाळची मोठी खिडकी उघडली. हँडल हॉलिसला दिलं तर तो पुन्हा चेष्टा करत बसणार, म्हणून मीच उतरायचं ठरवलं. एलोइसाने शिडी धरली.

"आर्डिथबाई, आधी पाय की आधी डोकं?"

"पाय."

"मग मी तोंड फिरवतो," हॉलिस म्हणाला, आणि फिरवलं नाही.

खाली उतरल्यावर मी त्याला सांगितलं, "एक कबूल कर. आत घर जराही हलत नव्हतं."

"हलेल कसं? ते कळवळत होतं."

जॅक सोडल्यावर दार उघडलं. चौकट जागेवर आली, फक्त वरच्या कोपऱ्यात केसाएवढी फट राहिली आहे. तू येशील तेव्हा तुला दिसेल, म्हणून सांगितलं. ती फट मी बुजवणार आहे. आणि तुला माझ्यावर हसायचं असेल तर खुशाल हस. तुझ्या वडिलांना हसताना पाहून आता बरेच दिवस झाले असतील, त्यांनाही बरोबर घे.

आर्डिथ


२६ फेब्रुवारी

ग्रेचेन,

तुझं एका ओळीचं उत्तर आलं. "फिजिओथेरपिस्ट म्हणते, हलत्या जमिनीवर वॉकर चालवणं धोक्याचं आहे." ती बरोबर म्हणते. मी तिच्याशी भांडत नाही, जमिनीशी भांडते आहे.

आता तिपाईचं सांगते. घराच्या पुढच्या टोकाखाली एक जाड लोखंडी खुंटा असतो. पिकअपला घर जोडायचं ते याच खुंट्याने. पार्कमध्ये उभं असताना तो नुसता लोंबत असतो, आणि बरोबर त्याच्यावर आमचा पलंग. त्याच्याखाली बसणारी तिपाई मी अल्बुकर्कीहून मागवली. तीन पाय, मधे स्क्रू. स्क्रू वर चढवला की तिपाई खुंट्याला खालून धरते. एवढ्या एका गोष्टीने जेवढा फरक पडला तेवढा आधीच्या सगळ्याने मिळून पडला नव्हता.

चाकांना मात्र दोनदा करावं लागलं. एका बाजूला दोन चाकं असतात, एकामागे एक. त्यांच्या मधल्या जागेत एक पाचर बसवायची आणि ती ताणून दोन्ही चाकं घट्ट धरायची, म्हणजे घर मागेपुढे झुलत नाही. मी ती दुपारी बसवली. सकाळी पाहिलं तर दोन्ही पाचरा मातीत पडलेल्या. दुपारच्या उन्हात टायर फुगतात आणि पहाटेच्या थंडीत आकसतात, हे इथे राहून मला माहीत नव्हतं असं नाही, घाई होती. आता सकाळी उठल्या उठल्या, टायर गार असताना, जाकीट घालून बाहेर जाते आणि पाचरा आवळते. मग दिवसभर ऊन त्यांना अजून घट्ट करतं.

परवा चाचणी घेतली. मी पलंगावर वेंडेलच्या जागी आडवी झाले आणि हॉलिसला दारापासून झोपायच्या खोलीपर्यंत चालायला सांगितलं. तो वेंडेलपेक्षा वजनाने दीडपट आहे.

"आर्डिथ, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील हॉलिस चालला. बातमी होईल."

तो चालला.

"कळलं?" त्याने विचारलं.

"सिंकपाशी कळलं. पुन्हा चाल, पाय आपटून."

"माझा गुडघा."

"तुझा खुबा तर ठीक आहे ना? चाल."

तिसऱ्या खेपेला मला जवळजवळ काहीच कळलं नाही. नुसता एक बारीक शहारा, पलंगाच्या कडेला. तेवढा राहणार. घराखालच्या स्प्रिंग मी काढू शकत नाही, आणि काढणारही नाही.

वेंडेल फोनवर कमी बोलतो आहे. पूर्वी तो पहिला प्रश्न वाऱ्याचा विचारायचा. आता म्हणतो, काय जेवलीस, आणि उत्तर ऐकत नाही. रविवारी म्हणाला, "इथं सगळं लांब आहे गं."

"काय लांब आहे?"

"सगळंच."

तुझं घर मोठं आहे, प्रशस्त आहे, हे मी जाणते. तू त्याला चांगलं ठेवलं आहेस याबद्दल मला शंका नाही. पण तो त्या वाक्यानंतर गप्प झाला आणि मागे तुझा टीव्ही ऐकू येत राहिला. तुला तो शांत वाटत असेल. मी त्याला ओळखते, वेंडेल शांत नसतो. तो गप्प झाला की समजायचं, काहीतरी सोडून दिलं.

आर्डिथ


६ मार्च

ग्रेचेन,

तू काल न सांगता आलीस ते चांगलं केलंस. सांगून आली असतीस तर मी ओटा पुसत बसले असते.

पण तू कशी गेलीस ते मला पटलेलं नाही, म्हणून लिहिते.

तू कॉफीचा कप टेबलावर ठेवलास आणि दारापासून पलंगापर्यंत टाचा आपटत गेलीस. मग परत आलीस. मग पुन्हा गेलीस. कॉफी थरथरली, सांडली नाही, हिंदकळलीही नाही. तू वाकून कपात पाहिलंस.

"हलतंय," तू म्हणालीस.

"थोडं."

"पण हलतंय."

"ग्रेचेन, कोणी ट्रेनमध्ये बसल्यासारखं कपाकडे बघत बसलं तर तुझ्या घरातही काहीतरी हलताना दिसेल."

"माझ्या घराखाली काँक्रीट आहे."

"माहीत आहे."

"तुम्हाला यात जिंकायचंय, आर्डिथ. बाबांचं काय व्हायचं ते होवो, तुम्हाला मला दाखवून द्यायचंय."

यावर मी काय म्हणाले ते मला आठवतं आणि तुलाही आठवत असेल, म्हणून इथे परत लिहीत नाही. मग तू ते बोललीस. टॉलीडोचं घर बाबांनी माझ्यासाठी विकलं. तुझ्या आईने लावलेलं चेरीचं झाड तिथे होतं, तिचं शिवणाचं टेबल होतं, आणि बाबा ते सगळं सोडून एका चाकांच्या खोक्यात जाऊन बसले.

त्याने ते घर माझ्यासाठी विकलं नाही. ते विकायचं ठरलं तेव्हा आमची ओळखही धड नव्हती. विक्रीची पाटी लागल्यावर तीन दिवसांनी त्याने मला पहिल्यांदा जेवायला बोलावलं, आणि तेही त्याच्या जेवणाचं टेबल त्या दिवशीच कोणीतरी उचलून नेलं म्हणून बाहेर. तो म्हणाला, त्या घरात प्रत्येक खोलीत त्याला तुझी आई, मॅरियन, दिसायची आणि तिच्याशी बोलायला जावं तर ती नसायची. हे त्याने तुला सांगायला हवं होतं. त्याने सांगितलं नाही, आणि मी सांगावं असं मला कधी वाटलं नाही. काल तुझा चेहरा पाहून वाटलं.

असं आहे. त्या घराबद्दल तू माझ्यावर रागावत राहा, ते मी सोसेन. पण त्या घराचा राग या घरावर काढू नकोस. याने काय केलंय?

दारातून बाहेर पडताना तू पायरीवर थांबलीस. नवी पायरी तू पाहिलीस, म्हणूनच थांबलीस, हे मी पाहिलं. ती घराला जोडलेली नाही. जमिनीवर स्वतंत्र उभा केलेला लाकडी चौथरा आहे, दोन्ही बाजूंना कठडा, वॉकर घेऊन उभं राहता येईल एवढा रुंद. हॉलिसने आणि मी केला. एलोइसाच्या भावाने करवत दिली. त्यावर उभं राहून तू पार्ककडे पाहत होतीस आणि खुर्च्यांवरचे सगळे तुझ्याकडे पाहत होते.

हॉलिस म्हणाला, "वेंडेलची पोरगी ना? नाक तेच."

तू हसली नाहीस. पण नाकाला हात लावलास.

आर्डिथ


१३ मार्च

ग्रेचेन,

तुझे बाबा पडले.

हे मला तुझ्याकडून कळायला हवं होतं. काल त्याच्याकडून कळलं, तेही त्याच्या नेहमीच्या पद्धतीने. मी विचारलं, काय केलंस आज. म्हणाला, "स्वयंपाकघरातली फरशी जवळून पाहिली. सुरेख आहे. मेक्सिकोची आहे म्हणे." मग म्हणाला, "काही मोडलं नाही गं. पण ग्रेचेन ऑफिसला होती, आणि मला उठता येईना. दुपार झाली. ती येईपर्यंत मी तिथंच होतो."

ते ऐकून मी आधी चिडले. मग मी बाहेर येऊन घराच्या पायरीवर बसले, आणि चिडणं गेलं, त्याच्या जागी भीती आली. ती कशाची ते सांगते.

आठवड्यामागून आठवडे मी ओंडके, तिपाई, पाचरा करत बसले ते यासाठी की जमीन हलली म्हणून तो पडला, असं तू म्हणालीस आणि मी ते मान्य केलं. तुझी फरशी हलत नाही. तो तिच्यावरही पडला. म्हणजे मी जे दुरुस्त करत होते त्यामुळे तो पडत नव्हता. त्याचा पाय जिथे पडायचा तिथे पडत नाही. ते मला कोणत्याही जॅकने दुरुस्त करता येणार नाही, आणि तुला काँक्रीटनेही नाही.

मग त्याचं "सगळं लांब आहे" आठवलं आणि मी आत गेले. डोळे मिटले, आणि त्याच्यासारखी, एका पायावर कमी भार देत, पलंगापासून दारापर्यंत गेले. ग्रेचेन, या घरात माझा हात एकदाही रिकामा राहिला नाही. पलंगाची कड, मग कपाट, मग खोलीतून खाली येणाऱ्या तीन पायऱ्यांना दोन्हीकडून भिंत, मग संडासाच्या दाराची चौकट, ओटा, टेबल, सोफ्याची पाठ, दार. एक सुटलं की दुसरं हातात. अरुंद आहे म्हणून तू या घराला डबा म्हणतेस. अरुंद आहे म्हणूनच इथे त्याला पडायला जागा नाही. जानेवारीत तो पडला तेव्हा दोन्ही हातांत लाँड्रीची टोपली होती. ती मी यापुढे उचलेन, आणि त्याला ती उचलू देणार नाही, हे माझ्याकडून लेखी घे.

तुझ्या घरात सोफ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत चालताना पकडायला काय आहे? मी तिथे जेवायला आले होते. काही नाही. हवा आहे, आणि सुरेख फरशी आहे.

काल मी त्याला विचारलं, "तुला यायचंय का?"

"आता विचारतेस?"

"विचारायला हवं होतं आधीच."

"तुम्ही दोघींनी माझ्यावरून भांडायचं आणि मी टीव्ही बघायचा, असं चाललंय."

शेवटचं वाक्य त्याचं. माझं नाही. बरोबर आहे ते, म्हणून तुला पोहोचवते.

मग म्हणाला, "ये न्यायला."

"ग्रेचेनला विचारलंस?"

"मी शहात्तर वर्षांचा आहे, आर्डिथ. तिचे डायपर मी बदललेत. सांगेन मी तिला."

मला शंका आहे की सांगणार नाही. तो मोठमोठं बोलून नंतर फोन माझ्याकडे देणारा माणूस आहे. म्हणून मीच सांगते. शनिवारी सकाळी मी टूसॉनला येते आहे. फिजिओथेरपिस्टला काय सांगायचं ते तू ठरव. माझं घर हलतं की नाही, हे आता मी तुला सिद्ध करून दाखवणार नाही. हलतं, थोडं. तो येणार आहे.

दार उघडं ठेव. नाही ठेवलंस तर घंटी वाजवत राहीन, आणि तुझ्या त्या गल्लीतले लोक खुर्च्या आणत नसले तरी पडदे बाजूला करतील.

आर्डिथ


३१ मार्च

ग्रेचेन,

त्या शनिवारी आपण दोघी मिळून दहा वाक्यंही बोललो नाही. मी वाटेत एवढं भांडण तयार करून आणलं होतं, आणि ते वापरायची वेळच आली नाही, ती माझ्याच चुकीने. पिकअपची सीट किती उंच आहे याचा विचार मी केला नव्हता. आठवडेच्या आठवडे घराखाली लोळले, पण तो पिकअपमध्ये चढणार कसा हे सुचलं नाही. तू तुझ्या दारात हाताची घडी घालून उभी होतीस. वेंडेलने एकदा पाय उचलला, दुसऱ्यांदा उचलला, मग पिकअपवर हात ठेवून मला म्हणाला, "हिला म्हणावं, जरा खाली बस."

मला वाटलं, आता तू म्हणशील, बघितलंत? तू म्हणालीस, "थांबा," आणि आत गेलीस. मला वाटलं दार लावून घेतलंस. तू गाडीची किल्ली, त्याची उंच केलेली संडासाची सीट आणि उशी घेऊन आलीस. तुझी गाडी बुटकी आहे. सगळा रस्ता तू माझ्या मागे होतीस आणि मी आरशात तुम्हा दोघांना बघत होते. लॉर्ड्सबर्गजवळ धूळ उठली तेव्हा तू दिवे लावलेस आणि मी वेग कमी केला. तो तुझ्याशी बोलत होता. हात हलवून. मला त्याचा हात दिसत होता.

तो काय बोलत होता ते मी विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही. तुझ्या आईबद्दल असेल तर बरं.

आता तुला न आवडणारी गोष्ट सांगते.

तो आल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली तेव्हा पलंगाची त्याची बाजू रिकामी होती. मी तीन पायऱ्या कशा उतरले ते मला माहीत नाही. तो ओट्याला टेकून उभा होता, कॉफीच्या डब्याचं झाकण उघडत. ठीक होता. "ओरडतेस काय," म्हणाला, "मी आहे इथंच." पण तो पलंगावरून उठला, पायऱ्या उतरला, एवढा चालत गेला आणि मला काही कळलं नव्हतं. पूर्वी तो नुसता कुशीवर वळला तरी मला कळायचं. घर सांगायचं. मी झोपेतच त्याला विचारायचे कुठे चाललास, आणि उत्तर न ऐकता पुन्हा झोपायचे. इतकी वर्षं असं झालं आणि ते होतं हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मी घराचं तोंड बंद करून टाकलं होतं.

तू ऑफिसमध्ये होतीस तेव्हा त्या फरशीवरून त्याची काही खबर तुझ्यापर्यंत पोहोचली असती का? हा टोमणा नाही. मी पण त्याच वेळी इथे पाचरा आवळत होते.

म्हणून त्या दिवशी मी पुन्हा घराखाली गेले. खुर्च्या आल्याच.

"आता काय राहिलं?" हॉलिसने विचारलं. "सिमेंट ओततेस?"

"सैल करतेय."

"काय?"

"तिपाई. थोडी."

तो खुर्चीतून उठला. त्याला उठताना तू बघायला हवं होतंस. "आर्डिथ, मी तुझ्या घरात बैलासारखा चालून दाखवलाय. माझा गुडघा अजून दुखतोय. आणि तू आता..."

"वेंडेल उठला की मला कळलं पाहिजे."

हॉलिस परत बसला आणि म्हणाला, "किती फेरे?"

"तू आत जा आणि त्याला पलंगावरून उठायला सांग. मी इथून बघते."

तर आम्ही असं केलं. वेंडेल पलंगावर बसायचा आणि उठायचा. एलोइसा आत पलंगावर माझ्या जागी आडवी झाली होती आणि ओरडून सांगायची, "नाही! नाही! हो! आता जास्त!" वेंडेल दर वेळी म्हणायचा, "माझी कवायत घेताय का रे?" पण उठायचा. तुझ्या फिजिओथेरपिस्टने सांगितलेला व्यायाम त्याने कधी इतक्या वेळा केला नसेल. शेवटी एलोइसा म्हणाली, "बास, असंच," आणि मी हात काढला. चाकांच्या पाचरा तशाच घट्ट आहेत, ओंडके आहेत, चौथरा आहे. वॉकरखालची जमीन पक्की आहे. फक्त पलंगाखालचं टोक मी जाणून-बुजून थोडं मोकळं ठेवलं आहे. जाणाऱ्या-येणाऱ्याला कळणार नाही एवढंच.

तेव्हा तुझ्या फिजिओथेरपिस्टला सांग, घर हलतं. कुणाच्या निष्काळजीपणाने नव्हे. मी ठरवलं तेवढंच हलतं, आणि कमी-जास्त करायचं असेल तर हँडल माझ्याकडे आहे.

आज पहाटे पलंगाची कड शहारली. मी डोळे उघडले नाहीत.

"कुठे?"

"संडासला. चालेल ना?"

मी मोजत नाही, ऐकतही नाही. पण तो परत येईपर्यंत घर सांगत होतं: पायऱ्या, चौकट, थांबला, चौकट, पायऱ्या. मग पलंग दबला.

ईस्टरला ये. वेंडेलने तुला विचारायला सांगितलं आहे आणि या वेळी खरंच त्यानेच सांगितलं आहे. सोफा उघडला की त्याचा पलंग होतो. डोकं ओट्याकडे करून झोप, त्या बाजूला जास्त कळतं. तुझे बाबा उठले की तुलाही जाग येईल. विचार त्यांना, कुठे चाललात. उत्तर देतात ते.

आर्डिथ